खादीचा तिरंगा, तीन बाय दोन फूट: दोनदा फडकवून झाल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. वस्तू म्हणजे खादीचा राष्ट्रध्वज, साइज ९०० बाय ६०० मिलिमीटर म्हणजे आपल्या भाषेत तीन बाय दोन फूट, सोसायटीच्या गेटजवळच्या खांबासाठी घेतलेला, खादी भांडारातून, आणि किंमत हजाराच्या आसपास. एवढ्याशा कापडाला हजार रुपये असं कमिटीतल्या तिघांनी मला ऐकवून झालंय, त्यामुळे तो प्रश्न खाली कुणी विचारू नका, उत्तर याच रिव्ह्यूत आहे.

आधीची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये आम्ही ऑनलाइन मागवला होता. विक्रेत्याचं नाव घेत नाही, दोनशेच्या आत मिळाला, "प्रीमियम सॅटिन फिनिश" लिहिलेलं, फोटोत तर एकदम कडक. पार्सल आलं तेरा तारखेला संध्याकाळी. उघडलं तर मंडपाच्या पडद्यासारखी चमक, पण म्हटलं चालतंय, लांबून कुणाला दिसतंय. माझा मुलगा चौथीत, शाळेत त्यांना अशोकचक्राचे २४ आरे नुकतेच शिकवलेले, तो आरे मोजत बसला आणि म्हणाला आई बावीसच आहेत. मी म्हटलं नीट मोज. परत बावीस. मग मी मोजले तर मला तेवीस आले, कारण खाली दोन आरे एकमेकांत मिसळून गेलेले आणि मी त्यांना दोन धरलं, तो एक धरत होता, आणि एक तर नव्हताच.

मग काय, टेप काढला. झेंड्याचं लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन असतं, हा निघाला ९२ बाय ५५ सेंटिमीटर. केशरी पट्टा रुंद, हिरवा खालच्या शिवणीत निम्मा गायब. ध्वजसंहितेत साइजप्रमाणे चक्राचा व्यास दिलेला आहे, ९०० बाय ६०० ला १८५ मिलिमीटर, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पांढऱ्या पट्ट्यात चक्र जवळजवळ पूर्ण भरतं. आमचं आडवं पंधरा आणि उभं तेरा, चक्र कसलं, अंडं! आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसायला हवं तर मागे नुसती निळसर सावली. रिटर्न टाकायला गेले तर "नॉन रिटर्नेबल", कस्टमर केअरवाली बाई गोड आवाजात विचारतेय, मॅडम तुम्ही प्रॉडक्ट वापरलं आहे का. झेंडा वापरला का म्हणे.

दुसरा आणायला वेळ नव्हता आणि कमिटीत एकमत झालं की कोण मोजतंय. लावला तोच. पंधरा ऑगस्टला सकाळी पाऊस, पाऊण तासात हिरवा रंग पांढऱ्यात उतरला. आमच्याकडे एक रिटायर्ड सुभेदार आहेत, सगळे त्यांना सुभेदारकाकाच म्हणतात. त्यांनी नेहमीसारखा कडक सॅल्यूट ठोकला, चकार शब्द बोलले नाहीत. सगळे वडापाव-चहाकडे गेल्यावर मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "पोरी, चक्र बघितलंस का गं?" बास, एवढंच. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पॉलिएस्टर म्हणून मी नावं ठेवत नाहीये हां, गैरसमज नको. पूर्वी फक्त हाताने कातलेल्या-विणलेल्या कापडाचाच झेंडा चालायचा, पण ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टर आणि मशीनवरचा झेंडाही नियमात बसतो. २०२२ ला हर घर तिरंगाच्या वेळी पोस्टात २५ रुपयांना झेंडे मिळत होते, तसला आमच्या बाल्कनीत होता, काही तक्रार नव्हती. माझा राग मापात न बसणाऱ्या मालावर आहे. टी-शर्ट एक इंच कमी निघाला तर आपण रेटिंग एक स्टार देतो आणि झेंडा पाच सेंटिमीटर कमी निघाला तर "भावना महत्त्वाची" म्हणतो, हे मला काही पटत नाही.

आणि खरी गंमत पुढे. तो रंग उतरलेला झेंडा टाकायचा कुठे? फाटका-विटका झेंडा लावायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही, पुसायला वगैरे तर प्रश्नच नाही, संहिता सांगते की तो खासगीत, पूर्णच्या पूर्ण, शक्यतो जाळून सन्मानाने नष्ट करावा. काका आणि मी गच्चीवर जुन्या घमेल्यात तेही केलं. आता पॉलिएस्टर कापसासारखं जळत नाही हो, वितळतं, काळे थेंब गळतात, त्या वासाने खाली तिसऱ्या मजल्यावरून फोन की वायर जळतेय का. काका शेवटपर्यंत अटेन्शनमध्ये उभे आणि मी नाकाला पदर लावून. घमेल्याच्या तळाला चिकटलेला तो काळा गोळा बघून ठरवलं की पुढचा झेंडा सुतीच.

तर जानेवारीत खादी भांडारात गेले. तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, कुठे लावणार, खांब किती उंच. साइज एकूण नऊ असतात म्हणे, टेबलावरच्या १५० बाय १०० मिलिमीटरपासून थेट ६३०० बाय ४२०० पर्यंत. झेंडा दाखवताना त्याने काउंटरवर टाकला नाही, मदतनिसाला हाक मारली आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उघडला, तिथेच मला दुकान आवडलं. कापड नांदेडचं आहे म्हणाला. नांदेडला आणि तिकडे कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला हे काम चालतं, सुताची जाडी, रंगाचा पक्केपणा, शिवण, सगळ्याचं मानक ठरलेलं आहे, आणि त्या मानकाचा नंबर माहितीये काय? आयएस १, म्हणजे इंडियन स्टँडर्ड नंबर एक. माझ्या मिस्टरांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना.

दोरी जाते ती बाजूची पट्टी वेगळ्या जाड कापडाची असते, तिला डक म्हणतात, झेंड्याचं कापड ते बंटिंग. आत दोरी ओवून वरच्या टोकाला लाकडी टॉगल, म्हणजे अडकवायची छोटी खुंटी, त्यामुळे गडबडीत केशरी खाली अन् हिरवा वर असा घोळ व्हायची भीती जवळजवळ नाही. घरी आल्यावर टेप लावलाच मी, सवय लागलीये आता. ९० बाय ६०, पट्टे वीस-वीस-वीस, चक्र साडेअठरा, आणि आमच्या चौथीतल्या साहेबांनी आरे मोजले चोवीस, दोन्ही बाजूंनी मोजले.

पहिला वापर २६ जानेवारी. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, सव्वीस जानेवारीला वर बांधलेलाच असतो आणि दोरी ओढून उलगडतात, आत फुलांच्या पाकळ्या ठेवल्या तरी चालतात, संहितेत तशी मुभा आहे. पण बांधणारा हुशार हवा. आमच्या सेक्रेटरींनी आदल्या रात्री असली गाठ मारली की अध्यक्ष ओढतायत, झेंडा ढिम्म, पोरं खुसुखुसु हसतायत, शेवटी काकांनी दोरी हातात घेऊन एकच झटका दिला आणि पाकळ्या सगळ्या अध्यक्षांच्या टकलावर. हा दोष प्रॉडक्टचा नाही, गाठीचा, म्हणून स्टार कापला नाही. सरकफासच मारा आणि आदल्या दिवशी एकदा ओढून बघा.

राष्ट्रगीताचाही रिव्ह्यू इथेच टाकते, म्हणजे ब्लूटूथ स्पीकरवर मोबाइलमधून राष्ट्रगीत लावणे या प्रकाराचा. शून्य स्टार! कुणीतरी नेटवर शोधून लावलं, सुरुवातीला लांबलचक बँड, अर्धे लोक अटेन्शनमध्ये, अर्ध्यांना कळेना सुरू झालं की नाही, एका आजोबांनी आपलं आपलं सुरू केलं ते स्पीकरच्या आधीच संपवून मोकळे, आणि मधेच कर्जाची जाहिरात. अहो ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत आहे, तेवढ्यासाठी नेट कशाला लागतं? यंदाच्या पंधरा ऑगस्टला स्पीकर बंद, तोंडाने म्हणायचं असं ठरवलं. आदल्या संध्याकाळी पोरांना पार्किंगमध्ये गोळा केलं तेव्हा लक्षात आलं की निम्मी पोरं "उज्ज्वल जलधितरंग" म्हणतात. शब्द "उच्छल" आहे, उसळणाऱ्या लाटा. मोठ्यांनाही विचारून बघा, आमच्या कमिटीतले चार जण उज्ज्वलवालेच निघाले, मीसुद्धा शाळा सुटेपर्यंत त्यातलीच.

यंदा अजून एक झालं. बी विंगमधल्या आजी व्हीलचेअरवर असतात, राष्ट्रगीत सुरू होताना एक साहेब त्यांच्या नातीला खुणावतायत की उठव, आधार देऊन उभं कर. काकांनी नुसते डोळे वटारले. नंतर त्यांच्यासमोरच म्हणाले, आजींचे हात बघितले का, मांडीवर सरळ ठेवले होते, आणि तुमचा फोन खिशात थरथरत होता. एक कॉलेजचा मुलगा तोंड न हलवता उभा होता, त्याच्याबद्दलही कुजबुज झाली. तो सरळ, शांत उभा होता ना, मग झालं. केरळमधली तीन मुलं अशीच उभी राहायची पण गायची नाहीत म्हणून शाळेतून काढली होती, सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं होतं. हे मी सांगितल्यावर साहेब म्हणाले बरं बरं.

आता तो अर्धा स्टार. एक, खादी जड असते. २६ जानेवारीला मस्त वारा होता, झेंडा देखणा फडकला, पण ऑगस्टमधल्या भिजक्या, वारा पडलेल्या हवेत तो खांबाला चिकटून बसतो आणि फोटोत नुसतं केशरी दिसतं. दोन, पाऊस पडला की पाणी पितो, रंग मात्र अजिबात उतरला नाही, हे ठळक अक्षरात वाचा. तीन, पट्टीतली दोरी आखूड आहे, खांबाची दोरी जोडायला आम्हाला वेगळा तुकडा आणावा लागला.

जुलै २०२२ पासून झेंडा रात्रीही ठेवता येतो, पण आम्ही संध्याकाळी उतरवतो, वॉचमनलाही बरं पडतं. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश, आणि घडी अशी की केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा दोन्हीकडून आत घ्यायचा म्हणजे वर चक्र आणि थोडा केशरी-हिरवा राहतो, आणि दोन्ही तळहातांवर न्यायचा. काकांनी माझ्या मुलाकडून तीनदा करून घेतलं.

पण ओला झेंडा घडी करून कपाटात ठेवला तर खादीवर बुरशीचे ठिपके पडणार, आणि दोरीवर चड्ड्या-बनियनांच्या शेजारी तो वाळत घालायला माझं मन होईना. शेवटी आमच्या बेडरूममध्ये पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरली, त्यावर पसरून ठेवला, फॅन चारवर, आणि त्या रात्री आम्ही तिघंही हॉलमध्ये झोपलो.