रॉयल्टी अ‍ॅनालिस्ट व्हायचंय: लेबलमध्ये की कॉपीराइट संस्थेत?

रॉयल्टी अ‍ॅनालिस्ट म्हणजे गाण्याच्या कमाईतला कलाकारांचा वाटा मोजणारा. लेबलमध्ये, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या संगीत कंपनीत, हिशेब रेकॉर्डिंगचा असतो. स्ट्रीमिंग कंपन्यांकडून भल्यामोठ्या फाइली येतात. प्रत्येक ओळ १२ अक्षर-अंकी आयएसआरसीशी (रेकॉर्डिंगच्या ओळख-क्रमांकाशी) जुळवायची, करारातली टक्केवारी लावायची, गायकाला दिलेली आगाऊ रक्कम वळती करायची. एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं असेल तर हात लवकर बसतो.

गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेत हिशेब शब्दांचा आणि चालीचा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला. तो हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कुणाच्याही नावे करता येत नाही. पण पैसे पोचवायला आधी माणूस सापडावा लागतो! एकाच गीतकाराचं नाव एका यादीत ‘व्ही. जी. कुलकर्णी’, दुसरीत ‘विष्णू कुलकर्णी’, तिसरीत नुसतं ‘पारंपरिक’. ही तिन्ही एकच की वेगळी, हे सॉफ्टवेअर सुचवतं, ठरवावं माणसालाच लागतं. इथे मराठी वाचता येणं, जुन्या तबकड्यांवरची श्रेयनामावली माहीत असणं फार कामाचं.

आकडेमोडीत रमणाऱ्याने लेबल निवडावं. गाण्याची ओढ असेल, तर मी बिनदिक्कत संस्थाच सुचवेन. तिथे एक नाव नीट जुळलं की एखाद्या गीतकाराच्या घरी अडकलेले पैसे पोचतात.