गोराईच्या पॅगोडात शिकलेली आनापान

मी बोरिवलीत पोळीभाजीचे डबे करते. पहाटे पाचला गॅस पेटतो, तो दुपारपर्यंत. रात्री झोप लागेना, म्हणून आधी ध्यानाच्या एका अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भरले. त्यातली बाई सारखी बोलत राहायची, मागे पाण्याचा आवाज, रोज नवा विषय. आठवड्यात सुटलं.

वहिनी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आलेली. ती म्हणाली, "ताई, आधी गोराईच्या विपश्यना पॅगोडात चला. नवीन माणसाला थोडा वेळ आनापान, म्हणजे श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवायला शिकवतात, पैसे घेत नाहीत." एका रविवारी खाडीतून होडीने गेलो.

पॅगोडा २००९ साली खुला झाला. आत सुमारे ८,००० माणसं बसतील एवढा घुमट आणि मध्ये एकही खांब नाही, दगडात दगड गुंतवून उभारलाय. घुमटात साधनेला बसायला मात्र दहा दिवसांचं शिबिर झालेलं लागतं, आपण काचेतून बघायचं. आम्हाला वेगळ्या जागी बसवलं. माझे गुडघे दुखतात, खुर्ची मागितली, लगेच मिळाली.

शिकवलं ते एवढंच: नाकपुड्यांच्या दाराशी लक्ष ठेवा. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. मुद्दाम ओढायचा नाही, मोजायचा नाही, कुठलं नाव घ्यायचं नाही. माझं मन तिसऱ्याच श्वासाला सोमवारच्या भाजीवर गेलं. भटकलं तर चिडू नका, परत आणा, असं सांगितलं होतं. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी दर वेळी स्वतःवर रागवायचे आणि उठायचे.

आता पावणेपाचला, कणीक भिजवायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर दहा मिनिटं बसते. श्वास आत येताना उजव्या नाकपुडीच्या कडेला गार लागतो, जाताना कोमट. कधी सलग चार-पाच श्वास कळतात, कधी एकही नाही. पाच महिने झाले, तीन-चार दिवस चुकले असतील. झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, पण रात्री जाग आली की हिशेब करत बसत नाही, श्वास बघते.

पहिल्यांदाच ध्यान करणाऱ्याने पैसे भरण्याआधी इथे जाऊन यावं, असं मी मनापासून सांगेन. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली ठेवा.

मे महिन्यात डबे घेणारी मुलं गावी जातात. तेव्हा इगतपुरीचा अर्ज भरायचा आहे.