आठ महिने टीव्हीवरचं खेळांचं पॅक वापरून: चित्र सुरेख, पण फेरीची वेळ पट्टीखाली

रिन्यूअलचा मेसेज येऊन चार दिवस झाले, मी अजून पैसे भरलेले नाहीत. वर्षाच्या या रकमेत एका मुलीचे चांगले स्पाइक्स (धावायचे खिळ्यांचे बूट) येतात, त्यामुळे हिशेब करूनच ठरवायचं आहे. पॅकमध्ये चॅनेल कोणती, एका वेळी किती स्क्रीन चालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

मी सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर लांब पल्ल्याच्या मुलामुलींकडून सराव करून घेतो. बहुतेक जण पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडचे. ऑगस्टमध्ये पॅक घेतलं ते त्यांच्यासाठीच. रविवारी सात-आठ जण आमच्याकडे वह्या घेऊन टीव्हीसमोर बसतात. १०,००० मीटर म्हणजे २५ फेऱ्या. प्रत्येक फेरीला किती सेकंद लागले ते लिहायचं, मग वेग कुणी आणि कुठे वाढवला ते शोधायचं. मोठी शर्यत कशी धावली जाते हे पोरांना समजावायला माझ्याकडे याहून चांगला मार्ग नाही.

आणि नेमकी तीच वेळ दिसत नाही. धावपटू रेषेजवळ आले की खालून जाहिरातीची पट्टी वर सरकते आणि आकडे झाकले जातात. पट्टी जाईपर्यंत पुढची फेरी अर्धी झालेली असते. एका शर्यतीत आम्हाला २५ पैकी फक्त ११ फेऱ्यांच्या वेळा मिळाल्या. बाकीच्या जागी वह्यांमध्ये रेघा.

कुणाला वाटेल, एवढ्याशा पट्टीचं काय घेऊन बसलात. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेतली महिलांची १०,००० मीटर आठवा. प्रीजा श्रीधरन ३१:५०.४७, सुवर्ण. आपल्या सावरपाड्याची कविता राऊत ३१:५१.४४, रौप्य. कविताची सरासरी फेरीला साधारण साडेशहात्तर सेकंद पडते. दहा किलोमीटर धावून दोघींमध्ये एका सेकंदाचंही अंतर नाही! अशी शर्यत कुठल्या फेरीत फिरते, हे फेरीच्या वेळा पाहिल्याशिवाय कळणार कसं? नुसता शेवटचा निकाल तर दुसऱ्या दिवशी पेपरातही येतो.

इथे एक चूक कबूल करायची आहे. पहिले तीन महिने मी परदेशी दिग्दर्शकांना दोष देत होतो. त्यांना लांब पल्ल्याच्या शर्यती दाखवताच येत नाहीत, असं पोरांसमोरही बोललो. मग दिवाळीच्या सुट्टीत त्याच २५ फेऱ्यांच्या शर्यतीचं आयोजकांनी टाकलेलं रेकॉर्डिंग सापडलं. तोच कॅमेरा, तेच चित्र, आणि खाली प्रत्येक फेरीची वेळ स्वच्छ लिहिलेली. मोठ्या स्पर्धांचं मूळ चित्रण एकच यंत्रणा करते. ऑलिंपिकसाठी २००१ पासून ओबीएस (ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस) ही वेगळी संस्थाच आहे. हक्क घेतलेल्या देशोदेशीच्या वाहिन्यांना तेच चित्र मिळतं. त्यावर आपली कॉमेंट्री, आपला स्टुडिओ आणि आपल्या जाहिराती त्या चढवतात. म्हणजे आकडे येत होते, झाकले जात होते ते इथे. पुढच्या रविवारी पोरांना हे सांगितलं आणि सगळ्यांनी आधीच्या रेघांवर खऱ्या वेळा भरल्या.

कस्टमर केअरला तीन फोन केले. तिन्ही वेळा उत्तर एकच, बॉक्स बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. पावसात सिग्नल जातो ती तक्रार वेगळी, ही वेगळी, हे समजावता समजावता माझा आवाज चढला. शेवटी एक तंत्रज्ञ आला. भला माणूस. गच्चीवर जाऊन त्याने डिशची छत्री तपासली, कनेक्टर बदलला, मग आमच्याबरोबर बसून अर्धी शर्यत पाहिली. पट्टी आली तसा म्हणाला, "सर, सिग्नल पूर्ण आहे. हे वरूनच येतंय." त्याने पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घेतला.

चित्राबद्दल तक्रार नाही, उलट त्याने मला फार दिलं. स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीत, पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब असतो आणि शर्यतीत तो सात वेळा ओलांडायचा असतो. अडथळ्यावर पाय कुठे टेकतो, शरीर किती खाली राहतं, पाण्यात एकच पाय कसा पडतो, हे स्लो मोशनमध्ये इतकं स्पष्ट दिसतं की आमच्या एका मुलीने दोन आठवड्यांत उडी बदलली. मी वर्षभर तोंडाने सांगत होतो ते तिला एका संध्याकाळी समजलं.

पण त्याच शर्यतीत पुन्हा आकड्यांपाशी अडलो. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशने ८:३३.८८ वेळेत सुवर्ण घेतलं, मोरोक्कोचा एल बक्काली ८:३३.९५ वेळेत दुसरा. आपल्या अविनाश साबळेचं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळ देऊनही ०.०५ सेकंदाने सुवर्ण हुकलं होतं. पोरांनी विचारलं, "सर, बावीस सेकंद हळू धावून सुवर्ण कसं?" उत्तर सोपं आहे: सगळे एकमेकांवर नजर ठेवून सावकाश धावले आणि जोर शेवटासाठी राखला. पण हे मी सांगून उपयोग नाही, त्यांना ते स्वतःच्या वहीत दिसायला हवं.

रोइंगमध्ये हा त्रास कमी झाला. २,००० मीटरच्या शर्यतीत दर ५०० मीटरला वेळ येते आणि आम्हाला ती बहुतेक वेळा दिसली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओला वल्हवायला गेला, तेव्हापासून इकडची पोरं हा खेळही आवडीने बघतात.

हिंदी कॉमेंट्री ठीक. ॲपवर चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं, मला त्याने फरक पडत नाही.

आता वर्षाचे पैसे भरणार नाही. १९ सप्टेंबरला आयची-नागोया आशियाई स्पर्धा सुरू होतेय, तेव्हा महिन्यापुरतं घेईन. दोन मुलींना स्टॉपवॉच देऊन ठेवलंय. पट्टी वर आली की एकीने सर्वांत पुढच्या धावपटूवर बटण दाबायचं, दुसरीने वेळ लिहायची. गेल्या रविवारी एका जुन्या शर्यतीवर करून पाहिलं, २५ पैकी २३ फेऱ्या मिळाल्या. इंग्रजी फीडवर किंवा नाशिकरोडकडच्या केबलवर ही पट्टी येत नसेल, तर कुणीतरी कळवा. सप्टेंबरच्या आत कळलं तर तेच कनेक्शन घेतो.