दात शिवशिवण्यावरची टूथपेस्ट: आठ महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यात एका सकाळी साधी गार पाण्याची चूळ भरली आणि वरच्या डाव्या सुळ्यात सणक गेली. थेट डोळ्यापर्यंत. चार महिने ही कळ बंद होती, त्यामुळे पहिला विचार आला की दात किडला. मग ट्यूब उलटी करून मागचं वाचलं आणि संतापले. कंपनी तीच, रंग तोच, पुढची 'संवेदनशील दातांसाठी' ही पट्टीही तीच, फक्त आतला घटक वेगळा! आधीच्या सगळ्या ट्यूबमध्ये ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट होतं, हिच्यात स्टॅनस फ्लोराइड. हा फरक छापलाय कुठे, तर ट्यूबच्या शेपटाकडच्या घडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत. पेस्ट खालून दाबत आणली की पहिल्या दोन आठवड्यांत तोच भाग गुंडाळला जातो. माझी खरी तक्रार ही आहे, आणि ती पेस्टच्या गुणापेक्षा मोठी आहे.

घटकाचं एवढं काय, असं मलाही आधी वाटायचं. पण दुखतं कशामुळे हे कळलं की घटक बघितल्याशिवाय ट्यूब घ्यावीशीच वाटत नाही. दाताच्या वरच्या भागावर एनॅमलचं कठीण कवच असतं, ते हिरडीपाशी संपतं. हिरडी मागे सरकली की तिच्याखालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडतं. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. गार पाणी लागलं की हा द्रव हलतो आणि आतल्या नसेला धक्का बसतो. स्वीडनचे दंतवैद्य मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात हे प्रयोगांतून मांडलं आणि आजही हेच स्पष्टीकरण सर्वात जास्त मानलं जातं.

म्हणजे उपाय दोन तऱ्हांचे: नस शांत करा, नाहीतर नळ्यांची तोंडं बुजवा. पोटॅशियम पहिलं काम करतं. नळ्या उघड्याच राहतात, नसेची कुरकुर तेवढी कमी होते. स्टॅनस फ्लोराइड, स्ट्राँशियम, कॅल्शियमसोबतचं आर्जिनिन, काही पेस्टमधली बायोअॅक्टिव्ह काच हे सगळे घटक दुसऱ्या वाटेने जातात.

आठ महिन्यांपूर्वी पहिली, पोटॅशियमवाली ट्यूब सुरू केली तेव्हा पहिले दोन आठवडे मला ढिम्म फरक पडला नव्हता. ट्यूब फेकून द्यायला निघाले होते, पण साध्या पेस्टपेक्षा कितीतरी महाग घेतलेली वस्तू अर्धवट टाकवेना. चौथ्या आठवड्यात एकदा फ्रिजमधलं पाणी सहज प्यायले आणि अर्धा पेला संपल्यावर लक्षात आलं की दुखलंच नाही! पोटॅशियमला दोन ते चार आठवडे लागतात आणि तेही रोज दोनदा नेमाने घासलं तर.

त्यानंतरची चूक माझी. दोन महिन्यांनी दात बरे झाले असं समजून पैसे वाचवायला साध्या पेस्टवर आले. तीन आठवड्यांत सणक परत. नळ्या बुजल्याच नव्हत्या, त्यामुळे नसेवरचा परिणाम ओसरताच सगळं मूळपदावर आलं.

तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे गेले, आणि हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. त्यांनी आरशात सुळ्याच्या मुळाशी पडलेली खाच दाखवली. नखाने चाचपून पाहिली तर नख अडकलं. कारण कडक ब्रश, शिवाय आडवं आणि जोर लावून घासणं. मी उजव्या हाताने घासते, म्हणून डावी बाजू जास्त झिजलेली. त्यांनी त्या जागी फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा पातळ लेप, लावलं, मऊ ब्रश घ्यायला सांगितला आणि आंबट काही खाल्ल्या-प्यायल्यावर निदान अर्धा तास ब्रश करू नका म्हणाले. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात आणि अशा मऊ पडलेल्या थरावर ब्रश चालला की तो झिजतो. झिजलेलं एनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला: घासल्यावर चुळा किती भरता? पाच-सहा. म्हणजे महागाचं औषध मी रोज दोन वेळा बेसिनमध्ये ओतत होते. आता फक्त थुंकते, चूळ भरत नाही. पहिले काही दिवस तोंड चिकट वाटलं, मग सवय झाली. माझ्या मते ब्रश बदलणं आणि चूळ सोडणं या दोन गोष्टींनी पेस्टइतकंच काम केलं, आणि दुसरीला तर एक पैसाही लागला नाही.

आता त्या नव्या ट्यूबबद्दल. कंपनीच्या ग्राहकसेवेला लिहिलं, तर उत्तर आलं की दोन्ही प्रकार संवेदनशील दातांसाठीच आहेत. अहो, ते मलाही वाचता येतं! काम करायची रीत वेगळी, परिणाम दिसायचा काळ वेगळा, मग पुढची बाजू एकसारखी कशासाठी? रागाने एक तारा द्यायचं ठरवलं होतं. पण ट्यूब वाया जाऊ नये म्हणून वापरत राहिले आणि पाचव्या आठवड्यात सुळा पुन्हा शांत झाला. घटक वाईट नव्हताच, त्याला वेळ हवा होता. दातांवर पुसट तपकिरी झाक मात्र आली. स्टॅनस फ्लोराइडने असे डाग पडू शकतात, ते वरवरचे असतात आणि डॉक्टरांकडच्या सफाईत निघतात. म्हणून पेस्टला चार तारे देते. छपाईला एकही देणार नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. याच काळात मागची एक दाढ गरम चहाने दुखायची आणि कप खाली ठेवल्यावरही कितीतरी मिनिटं ठणकत राहायची. तेही याच पेस्टने जाईल असं मी धरून चालले होते. तपासणीत जुन्या फिलिंगखाली कीड निघाली. उघड्या डेंटिनची कळ गार वस्तू दूर केली की लगेच थांबते. ती रेंगाळत असेल, चावताना दुखत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर पेस्टवर दिवस काढू नका. चार आठवड्यांत फरक नाही पडला तरी दाखवून या.

या वेळी दुकानातच घटक वाचून पोटॅशियमवाली ट्यूब घेतली आणि खोक्याचा घटक छापलेला तुकडा कापून आरशाच्या कडेला खोचून ठेवला. उजव्या उपदाढेला गार वारा लागला की अजून किंचित जाणवतं. तिच्याही मुळाशी खाच लागतेय, पुढच्या तपासणीत ती दाखवणार आहे.