नोकरी सांभाळून शेअर ऑप्शन्स शिकायचे असतील तर: झिरोधा व्हर्सिटी

गोव्यात वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जनरल शिफ्ट असली की बाजाराची 9:15 ते 3:30 ही वेळ पूर्ण कामात जाते. अशा माणसाला भर बाजारात 'हे घ्या, ते विका' अशा टिप्स देणारे क्लास निरुपयोगी आहेत, फी कितीही कमी असो. व्हर्सिटी, म्हणजे झिरोधा या ब्रोकर कंपनीची शिकवणारी वेबसाइट, मोफत आहे, लेखी आहे आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास वाचता येते. मी तीच सुचवीन.

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. ऑप्शन्सचं मॉड्यूल पाचवं. कॉल-पुटची सुरुवातीची प्रकरणं झाली की थीटा (दिवस सरतील तशी प्रीमियमची घट) आणि व्हेगा (व्होलॅटिलिटी, म्हणजे भावातला चढउतार, याचा प्रीमियमवर परिणाम) नीट वाचा. शेअर वर जाऊनही कॉलचा प्रीमियम का घसरतो, हे तिथेच उलगडतं. एक्सेलमधली व्होलॅटिलिटीची आकडेमोड नंतर केली तरी चालेल. फिजिकल सेटलमेंटचं (मुदतीला शेअरची प्रत्यक्ष डिलिव्हरी होण्याचं) प्रकरण मात्र बरंच शेवटी ठेवलंय, ते पहिल्या सौद्याआधी वाचाच. उदाहरणं जुनी आहेत, त्यामुळे लॉट (एका सौद्यातले शेअर) आणि एक्स्पायरी (ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस) एनएसई या शेअर बाजाराच्या साइटवरच तपासा. सप्टेंबर 2025 पासून शेअर ऑप्शन्सची एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते.

सहाव्या मॉड्यूलमधला बुल कॉल स्प्रेड, म्हणजे एक कॉल घेऊन त्याच्या वरच्या भावाचा विकणं, नोकरदाराला सगळ्यात सोयीचा, कारण तोटा आधीच ठरलेला असतो. समजा लॉट 500 चा आहे. 1400 रुपये भावाचा कॉल 40 च्या प्रीमियमला घेतला, 1440 चा 24 ला विकला. निव्वळ खर्च 16 रुपये, म्हणजे जास्तीत जास्त तोटा 8,000, जास्तीत जास्त नफा 12,000, ब्रोकरेज आणि कर वेगळे. घेताना आधी खरेदी करायची. बाहेर पडताना आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, नाहीतर मार्जिन (ब्रोकरकडे ठेवावी लागणारी रक्कम) एकदम वाढतं.

घोटाळा होतो तो एक्स्पायरीला. ऑक्टोबर 2019 पासून सगळ्या शेअर ऑप्शन्सना डिलिव्हरी लागते. भाव 1420 ला बंद झाला तर फक्त 1400 चा कॉल इन-द-मनी (शेअरचा भाव त्याच्या वर) राहतो आणि 500 शेअर घ्यायला 7 लाख रुपये लागतात. म्हणून एक्स्पायरीच्या आठवड्याआधीच बाहेर पडा. मार्जिनही शेवटच्या 4 दिवसांत चढत जातं.

व्हर्सिटीत सराव कमी पडतो. तो वहीत करा: संध्याकाळी एनएसईची ऑप्शन चेन (ऑप्शन्सच्या भावांचा तक्ता) उघडून बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) दोन्ही उतरवा, खरेदी आस्कने आणि विक्री बिडने धरा. शेवटच्या भावावर हिशेब मांडला तर कागदावर खोटा नफा दिसतो. दोन-तीन एक्स्पायऱ्या असं केल्याशिवाय पैसे घालू नका. बाजार नियामक सेबीच्या 2024 च्या अभ्यासात आधीच्या 3 आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालेला आहे.

आणि चवथीला गावी जाणार असाल तर आधी सौदे बंद करा. बाजार त्यातला एखादाच दिवस बंद असतो, थीटा मात्र सगळे दिवस चालू राहतो.