दोन डोस झालेलं ४५ दिवसांचं पिल्लू

‘लॅब पपी, ४५ दिवस, दोन डोस, डीवर्मिंग कम्प्लीट.’ म्हणजे लॅब्राडोरचं पिल्लू, लसीचे दोन डोस आणि जंतांचं औषध देऊन झालेलं, अशी जाहिरात दिसली की आधी बोटांवर हिशोब करा. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरच्या नेहमीच्या लसीचा पहिला डोस साधारण सहा आठवड्यांनी, म्हणजे ४२व्या दिवशी. त्याआधी आईकडून आलेली प्रतिकारशक्तीच लस निकामी करते. दुसरा डोस निदान दोन आठवड्यांनी, म्हणजे ५६व्या दिवशी. मग ४५व्या दिवशी दोन डोस झाले कुठून? विक्रेता सांगतो, पहिला पपी डोस ३०व्या दिवशीच दिला. तशी लस असते खरी, चौथ्या आठवड्यापासून देतात. पण मग तिचं स्टिकर लसीकरणाच्या कार्डावर हवं.

एका कुटुंबाने असंच पिल्लू रस्त्याच्या कडेला, गाडीच्या डिकीतून घेतलं. शनिवारी संध्याकाळी घरी आलं, सोमवारी सकाळी उलट्या, दुपारपासून रक्ताची दुर्गंधी येणारी पातळ शी. पार्वो. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं, ‘आमच्याकडे टकाटक होतं, तुमच्याकडे पाणी बदललं.’ पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. दोन दिवसांत आजारी पडलेलं पिल्लू आजार घेऊनच आलं होतं, पाण्याचा काही संबंध नाही.

त्या पिल्लाच्या कार्डावर तीन नोंदी, तिन्ही एकाच पेनाने, एका दमात लिहिलेल्या. डॉक्टरांचा शिक्का होता, नोंदणी क्रमांक नव्हता. स्टिकर एकच. लसीच्या कुपीवरून सोलून कार्डावर चिकटवतात ते हे स्टिकर. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. इथे पार्वोच्या रकान्यात चिकटवलेलं स्टिकर होतं रेबीजच्या लसीचं, जी तीन महिन्यांनंतर देतात! कुठल्यातरी मोठ्या कुत्र्याच्या कुपीवरचं काढलेलं. कोणी वाचतच नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

वय कार्डावर बघू नका, तोंडात बघा. पुढचे दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, मागच्या दाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, आणि आठ आठवड्यांपर्यंत २८ दुधाचे दात भरतात. मागच्या हिरड्या अजून गुळगुळीत लागल्या तर पिल्लू महिन्या-सव्वा महिन्याचं आहे. मुळात २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, आणि विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. म्हणजे ‘४५ दिवस’ ही जाहिरातच बेकायदा.

आता ते ‘गुटगुटीत’ पोट. पोट ढोलकीसारखं ताठ आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागतो, तर ते जंत आहेत. गोल जंत आईच्या पोटातच पिल्लाला मिळतात, अंकुशकृमी दुधातून. अंकुशकृमी रक्त पितात, म्हणून ओठ वर करून हिरड्या बघा: गुलाबी हव्यात, पांढुरक्या नकोत. कार्डावर नुसतं ‘डीवर्म्ड’ लिहिलेलं काही कामाचं नाही. औषधाचं नाव, त्या दिवशीचं वजन आणि तारीख हवी. पायरँटेल हे जंतांचं औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम देतात, तेही दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, कारण ते आतड्यातलेच जंत मारतं, शरीरात फिरणाऱ्या अळ्या नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पिसवांतून आलेला पट्टकृमी. त्याला पायरँटेल चालत नाही, प्राझिक्वँटेल लागतं.

खाज लपवायला विक्रीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. आठवड्याभरात ओरबाडणं परत सुरू. गोचीड कानाच्या आत आणि पायाच्या बोटांमध्ये शोधा, पाठीवरून हात फिरवून सापडत नाहीत. मांजराच्या पिल्लाचे कान विक्रीच्या दिवशी पुसलेले असतात. चार दिवसांनी कॉफीच्या चुऱ्यासारखा मळ दिसला की कानातले माइट्स, म्हणजे बारीक किडे. आणि घाईघाईत कुत्र्याचं गोचीड-पिसवांवरचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला लावू नका, जीव जातो.

पिल्लू घरी न्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडे न्या, पैसे नंतर. विकणारा याला तयार नसेल तर तिथूनच परता. फसलाच असाल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि शीच्या पार्वो चाचणीचा अहवाल एकत्र ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. रोख दिलेत आणि पावती नाही, तर हातात फारसं काही उरत नाही.

पार्वोने पिल्लू दगावलं तर घर फिनाइलने पुसून दुसरं आणू नका. फिनाइलने पार्वो मरत नाही, महिनोन्‌महिने फरशीत टिकतो. आधी साबणाने घाण काढा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं फरशी ओली ठेवा. अंथरूण, पट्टा, भांडी टाकून द्या. अंगणातल्या मातीला ब्लीच पुरत नाही, म्हणून पुढचं पिल्लू सगळे डोस पूर्ण झालेलंच आणा, म्हणजे १६ आठवड्यांच्या पुढचं.