पट्टी की थेंब? माशांच्या टँकचं पाणी तपासण्याआधी

माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ही साखळी तुम्हाला पाठ आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच, की ते मोजायला पट्ट्यांची डबी घ्यावी की थेंबांच्या बाटल्यांचं किट. डोंबिवलीतल्या माझ्या तीन फुटी टँकवर मी दोन्ही वापरून बसलोय.

पहिलं वर्ष पट्ट्यांवरच काढलं, आणि सोयीच्या बाबतीत त्यांना तोड नाही. बुडवायची, मिनिटभर आडवी धरायची, डबीवरच्या रंगांशी ताडायची. ऑफिसला निघताना बूट घालायच्या आधी काम आटोपतं. पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी), केएच (पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेटचा साठा), जीएच (पाण्याचा जडपणा), नायट्राइट, नायट्रेट असं पाचही एकाच पट्टीवर. काटकसरी लोक पट्टी उभी कापून एकाच्या दोन करतात. मीही केल्यात, चालतात.

थेंबांचं किट म्हणजे त्यामानाने पूजेचा घाट. नळीत पाच मिली पाणी, थेंब मोजा, झाकण लावा, हलवा, पाच मिनिटं थांबा, मग नळ्या धुवा. शिवाय काही बाटल्यांतलं रसायन चांगलंच दाहक असतं, त्यामुळे आमच्याकडे ओट्यावर प्रवेशबंदी आहे. नायट्रेटची दुसरी बाटली तर स्वतंत्र प्रकरण. तिच्यातला गाळ तळाशी घट्ट बसतो. पहिल्यांदा मी ती खोकल्याच्या औषधासारखी दोनदा हलवली आणि नायट्रेट आलं 5 पीपीएम (दहा लाखांत पाच भाग). दुसऱ्या दिवशी टेबलावर आपटून, अर्धा मिनिट दंड भरून येईपर्यंत हलवली, तर त्याच पाण्यात 40. म्हणजे थेंबही खोटं बोलतात. फक्त त्यांचं खोटं आपल्या आळसातून येतं, आणि आळस आपल्याला ठाऊक असतो.

पट्टीचं तसं नाही, आणि माझा निर्णय तिथेच फिरला.

जुलै महिना. भिंतींना ओल, पापड सादळलेले, कपडे चार दिवस दोरीवर. पट्ट्यांची डबी टँकखालच्या कपाटात. झाकण घट्ट लावायचो, पण दर वेळी उघडताना दमट हवा आत जाणारच, आणि ओल्या बोटांनी पट्टी काढायची सवय मलाही होतीच. एका सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले. एरवी तळाशी रमणाऱ्या कोरी (कॉरिडोरास जातीचे छोटे मासे) सुद्धा सारख्या वर धावत होत्या. पट्टी बुडवली. नायट्राइट शून्य, पीएच साडेसहाच्या आसपास. अमोनियाचा चौकोन त्या पट्टीवर नव्हताच. पाच-इन-वन पट्ट्यांत तो बहुधा नसतो, आणि नव्या टँकवाल्याला नेमकी त्याचीच गरज असते.

पीएच पडलाय म्हणून मी स्वयंपाकघरातून खायचा सोडा आणून चमच्यात घेतलासुद्धा होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा टँकवाला मित्र त्याचं किट घेऊन आला. त्याच्या नळीत पीएच निघाला 7.6 आणि अमोनिया 2.

यातली मेख बघा. अमोनियाचं विषारी रूप किती, हे पीएचवर ठरतं. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का त्या रूपात असतो. पीएच 8 ला तोच हिस्सा पाच टक्क्यांच्या वर जातो. मी सोडा टाकून पीएच आणखी वर ढकलणार होतो, म्हणजे माशांना वाचवायच्या नादात विषच वाढवणार होतो. गाढवपणा मुळात माझाच होता म्हणा. दोन दिवस आधी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला होता, आणि क्लोरीनने त्यातले जिवाणू गेले. पण पट्टी नीट असती तर निदान पीएचच्या बाबतीत फसलो नसतो.

नंतर डबीतली न वापरलेली पट्टी उजेडात धरली. पीएचच्या चौकोनाचा रंग कोरडा असतानाच बदललेला. डबीवरच्या तारखेप्रमाणे अजून कित्येक महिने शिल्लक होते. तेव्हापासून पट्टी हातात घेतली की मनात येतं, पाणी बिघडलंय की पट्टी? हे ओळखायला दुसरी तपासणी लागणार असेल, तर मग पहिली कशाला?

कदाचित दोष आमच्या दमट घराचाच असेल. विदर्भातल्या कोरड्या हवेत पट्टी बिचारी इमानदारीत राहतही असेल. एकाच्या घरी आठ टँक आहेत, तो आठवड्याला पट्ट्यांनी नजर टाकतो आणि जिथे शंका तिथेच थेंब काढतो. ते मला पटतं. पण एकच टँक, तोही नवा, आणि घर कोकणपट्टीत असेल तर मी तरी थेंबांकडेच झुकेन.

टीडीएस पेनबद्दलही सांगून टाकतो, कारण दुकानदार तो हटकून पुढे करतात. पाण्यात एकूण विरघळलेलं किती, याचा तो अंदाज देतो. पण त्यातला अमोनिया कुठला आणि मीठ कुठलं, हे त्याला कळत नाही. आरओचं पाणी वापरत असाल तर उपयोगी, नाहीतर खिशाला लावायला बरा.

किट घेताना एक बघा. बऱ्याच संचांत केएच नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं. घ्याच. त्याचा हिशेबही सोपा असतो, निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, जितके थेंब तितके अंश. केएच एक-दोनवर आलं की पीएच कधी घसरेल त्याचा नेम नाही.

राहता राहिला रंगांचा वाद. अमोनिया पिवळ्याकडून हिरव्याकडे सरकतो, आणि 0 व 0.25 यांतला फरक मला ट्यूबलाइटमध्ये आजतागायत कळलेला नाही. आता मी सकाळी बाल्कनीत नळी पांढऱ्या कागदापुढे धरतो आणि बायकोला हाक मारतो. साड्यांच्या दुकानात तयार झालेली नजर आहे ती. "लिंबूच आहे," म्हणाली की चहा घेतो. "पोपटीकडे झुकतोय हां," म्हणाली की बादली काढतो.